डेस्कटॉप आज्ञावलीतील अंतःस्थापित घटकांचा परस्पर संवाद : यजमान, पाहुणा आणि त्यांच्यातील करार

सारांश

आधुनिक डेस्कटॉप आज्ञावली ही एकसंध वस्तू नसून अनेक स्वतंत्र घटकांची जुळणी असते. दस्तऐवजात बसविलेला तक्ता, फॉर्मवरील दिनदर्शिका, खिडकीच्या एका भागात उघडणारे वेबपान हे सर्व घटक बहुधा वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळी तयार झालेले असतात. त्यांनी एका छताखाली केवळ दिसून भागत नाही; त्यांनी परस्परांशी बोलणे आवश्यक असते. हा संवाद कोणत्या नियमांनी घडतो, तो कोठे बिघडतो आणि बिघडल्यास वापरकर्त्याच्या माहितीचे काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनासाठी विंडोज प्रणालीवरील ओ.एल.ई., कॉम आणि ॲक्टिव्हएक्स या तंत्रपरंपरेचा आधार घेतला असून, शेवटी आजच्या वेबव्ह्यू पद्धतीशी तिची तुलना केली आहे.

बीजसंज्ञा : घटक, यजमान, इंटरफेस, घटनासूचना, अंतःस्थापना, जोडणी, युनिकोड.

१. प्रस्तावना

संगणकाच्या वापराच्या आरंभीच्या काळात प्रत्येक आज्ञावली स्वयंपूर्ण होती. लेखनासाठी एक, हिशेबासाठी दुसरी आणि आलेखासाठी तिसरी आज्ञावली वापरावी लागे. हिशेबातील आकडे अहवालात हवे असतील तर ते कागदावर उतरवून पुन्हा टंकित करणे हाच मार्ग होता. खिडक्यांवर आधारित प्रणाली आल्यानंतर एकाच पडद्यावर अनेक आज्ञावल्या उघडता येऊ लागल्या. साहजिकच त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण व्हावी ही अपेक्षा निर्माण झाली. पुढे ही अपेक्षा अधिक वाढली. एका आज्ञावलीचा भाग दुसऱ्या आज्ञावलीच्या आत बसावा आणि तेथेही तो जिवंत राहावा, असे वापरकर्त्यास वाटू लागले.

या अपेक्षेतून ‘अंतःस्थापित घटक’ ही संकल्पना आकारास आली. ज्या आज्ञावलीत घटक बसविला जातो तिला या लेखात ‘यजमान’ आणि बसविलेल्या घटकाला ‘पाहुणा’ असे संबोधले आहे. ही केवळ शाब्दिक गंमत नव्हे. यजमानाला पाहुण्याचे अंतरंग ठाऊक नसते आणि पाहुण्याला घराची रचना ठाऊक नसते; तरीही दोघांचा व्यवहार सुरळीत चालावा लागतो. अशा अपरिचितांचा व्यवहार ओळखीवर चालत नाही, तो ठरलेल्या रीतीवर चालतो. घटकांच्या संवादाचे शास्त्र म्हणजे या रीतीचे शास्त्र होय.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

विंडोजवरील या प्रवासाची पहिली महत्त्वाची पायरी म्हणजे १९८७ मध्ये विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेली डायनॅमिक डेटा एक्स्चेंज अर्थात डी.डी.ई. ही पद्धत. यात दोन आज्ञावल्या खिडक्यांना पाठविल्या जाणाऱ्या संदेशांच्या साह्याने ‘संभाषण’ करीत. संभाषणास तीन गोष्टी लागत : कोणाशी बोलायचे ते आज्ञावलीचे नाव, कशाविषयी बोलायचे तो विषय, आणि नेमके काय हवे ती बाब. उदाहरणार्थ, तक्त्याची आज्ञावली, विशिष्ट फाइल आणि तिच्यातील विशिष्ट चौकट. ही पद्धत साधी होती. परंतु तिच्यातून मुख्यतः आकडे व मजकूर यांची ने-आण होई. दुसऱ्या आज्ञावलीचा जिवंत भाग स्वतःच्या पानावर बसविणे तीत शक्य नव्हते.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग, अर्थात ओ.एल.ई., हे तंत्र आले. १९९३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या पायाशी कंपोनंट ऑब्जेक्ट मॉडेल, म्हणजे कॉम, ही नवी रचना होती. या आवृत्तीत लेखनाच्या पानावरील तक्त्यावर दोनदा क्लिक केले की तक्ता त्याच जागी जागा होई आणि भोवतालच्या मेनूंची जागा तक्त्याचे मेनू घेत. दरम्यान १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने तयार घटक फॉर्मवर ओढून बसविण्याची पद्धत लोकप्रिय केली होती. हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले आणि १९९६ मध्ये त्यांस ॲक्टिव्हएक्स हे नाव मिळाले.

हा विचार एकाच कंपनीपुरता मर्यादित नव्हता. ॲपल, आय.बी.एम. आदी संस्थांनी पुरस्कारिलेली ओपनडॉक ही रचना याच ध्येयाने झाली होती. ॲपलने तिचा विकास १९९७ मध्ये थांबविला. लिनक्सवरील के.डी.ई. या वातावरणात केपार्ट्स, ग्नोममध्ये बोनोबो, ओपनऑफिसमध्ये युनो आणि मोझिलाच्या ब्राउझरमध्ये एक्सपीकॉम अशा समांतर रचना निर्माण झाल्या. नावे व तपशील वेगळे असले तरी प्रश्न सर्वत्र तेच होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

३. संवादाचा पाया : करार

कॉम या रचनेत घटकाशी होणारा सर्व व्यवहार इंटरफेसमार्फत चालतो. इंटरफेस म्हणजे घटकाने दिलेल्या सेवांची निश्चित क्रमाने लावलेली यादी होय. ही यादी एकदा प्रसिद्ध झाली की बदलावयाची नाही, हा येथील मूलभूत दंडक आहे. नवी सेवा द्यावयाची असल्यास नवा इंटरफेस काढावा. जुना तसाच राहू द्यावा. प्रत्येक इंटरफेसला १२८ बिटांचा एकमेवाद्वितीय ओळखक्रमांक असतो. त्यामुळे दोन निर्मात्यांनी योगायोगाने सारखे नाव वापरले तरी घोटाळा होत नाही.

प्रत्येक घटकाला ‘आय-अननोन’ नावाचा एक इंटरफेस अनिवार्य असतो. त्यात तीनच क्रिया आहेत. पहिली, ‘क्वेरी-इंटरफेस’, ही ‘तुला अमुक भाषा येते काय?’ असे विचारण्याची सोय होय. उरलेल्या दोन, ‘ॲड-रेफ’ आणि ‘रिलीज’, या घटकाचा वापर करणाऱ्यांची मोजदाद ठेवतात. नवा वापरकर्ता आला की संख्या एकाने वाढते, तो गेला की एकाने घटते. शून्यावर आली की घटक स्मृतीतून निघून जातो. या तीन क्रियांत या रचनेचे सार आहे. यजमानाने काही गृहीत धरावयाचे नाही, विचारावयाचे. आणि घेतलेली वस्तू काम संपताच परत करावयाची.

तथापि सर्व यजमानांना इंटरफेसची रचना आधीपासून ठाऊक असणे शक्य नसते. मॅक्रो भाषेत लिहिणाऱ्या सामान्य वापरकर्त्याला तर ती ठाऊक नसतेच. अशांसाठी ‘आय-डिस्पॅच’ हा इंटरफेस आहे. त्याद्वारे सेवेचे नाव मजकूररूपाने देऊन तिचा क्रमांक मिळविता येतो आणि त्या क्रमांकाने ती सेवा चालविता येते. ही पद्धत काहीशी मंद आहे, कारण प्रत्येक वेळी नाव शोधणे व दिलेल्या माहितीचा प्रकार तपासणे आवश्यक ठरते. परंतु तिच्यामुळेच व्हिज्युअल बेसिकसारख्या सोप्या भाषांतून मोठ्या आज्ञावल्यांना आज्ञा देणे शक्य झाले.

४. संवादाच्या चार वाटा

यजमान आणि पाहुणा यांच्यातील संभाषण साधारणतः चार वाटांनी होते.

पहिली वाट आज्ञेची. यजमान पाहुण्याला एखादी क्रिया करावयास सांगतो : ‘पुढील महिना दाखव’, ‘तक्त्यात नवी ओळ घाल’.

दुसरी वाट गुणधर्मांची. यजमान पाहुण्याची स्थिती वाचतो किंवा बदलतो : निवडलेली तारीख, अक्षराचा आकार, चौकटीचा रंग.

तिसरी वाट घटनासूचनेची. येथे दिशा उलटी असते. वापरकर्त्याने तारीख निवडली ही गोष्ट सर्वप्रथम पाहुण्याला समजते. ती त्याने यजमानास कळवावयाची असते. परंतु पाहुणा तयार झाला तेव्हा हा यजमान अस्तित्वातही नसेल. मग त्याने कोणाला कळवावे? यावर कॉमने काढलेला तोडगा म्हणजे ‘कनेक्शन पॉइंट’. पाहुणा आपल्या सूचना कोणत्या स्वरूपात येतील ते जाहीर करतो. यजमान त्या स्वरूपाचा श्रोता तयार करून ‘ॲडव्हाइज’ या क्रियेने त्याची नोंद करतो आणि त्याबदली त्याला एक नोंदक्रमांक मिळतो. सूचना नको असतील तेव्हा तोच क्रमांक देऊन ‘अनॲडव्हाइज’ करावयाचे. वर्तमानपत्राची वर्गणी भरणे व बंद करणे यासारखाच हा व्यवहार आहे.

चौथी वाट परिसराची. यजमान आपल्या वातावरणाची माहिती पाहुण्याला उपलब्ध करून देतो : पार्श्वभूमीचा रंग, चालू अक्षरवळण, वापरकर्त्याची भाषा, सध्या रचना चालू आहे की प्रत्यक्ष वापर. यांस ‘ॲम्बियंट’ गुणधर्म म्हणतात. सुज्ञ पाहुणा त्यांनुसार स्वतःचे रूप जुळवून घेतो. अनेक आज्ञावल्यांत एखादी चौकट भोवतालाशी विसंगत, परकी दिसते, त्याचे कारण बहुधा पाहुण्याने ही चौथी वाट दुर्लक्षिलेली असते.

घटनासूचनेच्या वाटेवर एक सूक्ष्म धोका संभवतो. यजमानाने पाहुण्याला धरून ठेवले आहे आणि वर्गणीमुळे पाहुण्यानेही यजमानाच्या श्रोत्याला धरून ठेवले आहे, अशी स्थिती निर्माण होते. दोघांचीही मोजदाद शून्यावर येत नाही; परिणामी खिडकी बंद होऊनही दोघे स्मृतीत अडकून पडतात. यास्तव फॉर्म बंद होताना प्रथम वर्गणी रद्द करणे आणि नंतर पाहुण्याला सोडणे हा क्रम पाळणे अत्यावश्यक ठरते.

५. दोन पाहुण्यांमधील संवाद

एकाच यजमानाच्या घरी दोन पाहुणे असले की प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. त्यांनी थेट परस्परांशी बोलावे की यजमानामार्फत? थेट संवाद सोपा वाटतो. परंतु तसे केल्यास प्रत्येक घटकाला इतर सर्वांची माहिती असणे भाग पडते. पाच घटक असतील तर त्यांच्यात दहा जोड्या होतात, दहा घटकांत पंचेचाळीस. एक घटक बदलला की त्याच्याशी जोडलेले सर्व घटक तपासावे लागतात. यजमानामार्फत संवाद ठेवल्यास दहा घटकांसाठी दहाच जोड पुरतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात या रचनेस ‘मीडिएटर’, म्हणजे मध्यस्थ, असे नाव दिले आहे.

मध्यस्थ असला तरी सर्व धोके टळतात असे नाही. एक उदाहरण पाहू. समजा, गुणनोंदणीच्या फॉर्मवर दोन घटक आहेत : एकात ८० पैकी मिळालेले गुण, दुसऱ्यात टक्केवारी. गुण बदलले की यजमान टक्केवारी बदलतो आणि टक्केवारी बदलली की गुण. टक्केवारीचा घटक पूर्णांकच स्वीकारतो, गुणांचा घटक एक दशांश स्थळापर्यंत. लिपिकाने ४७ गुण भरले. टक्केवारी येते ५८.७५, घटक ती ५९ करतो आणि ‘बदल झाला’ अशी सूचना देतो. यजमान त्यावरून पुन्हा गुण काढतो : ८० चे ५९ टक्के म्हणजे ४७.२. आता गुणांच्या घटकात ४७.२ दिसू लागतात. त्यांची टक्केवारी बरोबर ५९ येते आणि फेरा थांबतो. याच रीतीने २९ गुणांचे २८.८ होतात. एकाचे गुण वाढले, दुसऱ्याचे घटले. कोणीही चुकीचे टंकन केले नाही, कोणतीही त्रुटीसूचना आली नाही.

या उदाहरणातील दोन्ही घटक स्वतंत्रपणे निर्दोष आहेत, ही बाब विशेष लक्षणीय आहे. दोष त्यांच्यामधील संवादात आहे. त्यावर तीन उपाय संभवतात. पहिला, कोणती माहिती मूळ आणि कोणती साधित हे निश्चित करून साधित माहिती केवळ वाचनीय ठेवावी. दुसरा, यजमान स्वतः बदल करीत असताना येणाऱ्या सूचना एका खुणेच्या साह्याने दुर्लक्षाव्यात. तिसरा, वापरकर्त्याने केलेला बदल आणि आज्ञेने झालेला बदल यांसाठी घटकाने वेगवेगळ्या सूचना द्याव्यात. यांपैकी पहिला उपाय सर्वांत श्रेयस्कर होय, कारण उरलेले दोन लक्षणावर उपचार करतात, तो मूळ कारणावर करतो.

कॉममध्ये बदलापूर्वी परवानगी विचारण्याचीही सोय आहे. ‘आय-प्रॉपर्टी-नोटिफाय-सिंक’ या इंटरफेसमध्ये दोन क्रिया आहेत : ‘ऑन-रिक्वेस्ट-एडिट’ ही बदलाआधी अनुमती मागते, ‘ऑन-चेंज्ड’ ही बदलानंतर वार्ता देते. कायम झालेला निकाल कोणी बदलू पाहत असेल तर यजमान पहिल्याच टप्प्यावर नकार देऊ शकतो.

६. सीमा ओलांडणारा संवाद

काही पाहुणे यजमानाच्याच प्रोसेसमध्ये राहतात; ते डी.एल.एल. किंवा ओ.सी.एक्स. फाइलींच्या रूपात असतात. त्यांच्याशी बोलणे अतिशय जलद होते. परंतु त्यांतील एक कोसळला तर यजमानही कोसळतो. शिवाय ३२ बिटांचा असा घटक ६४ बिटांच्या प्रोसेसमध्ये बसूच शकत नाही. ऑफिसची पहिली ६४ बिटी आवृत्ती २०१० मध्ये आली, तेव्हा अनेक कार्यालयांतील जुने फॉर्म या कारणास्तव निरुपयोगी ठरले.

दुसऱ्या प्रकारचे पाहुणे स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतात. एका प्रोसेसची स्मृती दुसरीला दिसत नसल्यामुळे येथे कॉम मध्ये दोन प्रतिनिधी उभे करतो. यजमानाच्या बाजूचा प्रतिनिधी आज्ञेतील माहिती बांधून पाठवितो, पाहुण्याच्या बाजूचा ती उलगडून मूळ घटकास देतो. या बांधणीस ‘मार्शलिंग’ म्हणतात. यजमानाला मात्र आपण घटकाशीच बोलत आहोत असे वाटते. हा आभास सोयीचा असला तरी फसवाही आहे, कारण अशा प्रत्येक आज्ञेला लागणारा वेळ अनेक पटींनी अधिक असतो. तक्त्यातील हजार चौकटी एकेक करून भरण्यापेक्षा संपूर्ण संच एकाच आज्ञेत देणे म्हणूनच इष्ट ठरते.

यासंबंधीचा आणखी एक अनुभव बहुतेक वापरकर्त्यांच्या परिचयाचा आहे. दुसरी आज्ञावली काम पुरे करील म्हणून एक्सेल वाट पाहत असल्याची चौकट पडद्यावर येते आणि काहीच हलत नाही. पडद्याशी संबंधित घटक सामान्यतः एकाच थ्रेडवर चालतात. त्यांच्याकडे येणाऱ्या बाहेरच्या आज्ञा संदेशांच्या रांगेत उभ्या राहतात. समोरचा एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची वाट पाहत असेल, किंवा वापरकर्ता एखाद्या चौकटीत अर्धवट लिहून उठून गेला असेल, तर आज्ञा खोळंबते वा नाकारली जाते. अशा वेळी थोड्या अंतराने पुन्हा प्रयत्न करणे आणि ठराविक प्रयत्नांनंतर वापरकर्त्यास स्पष्ट कल्पना देणे, ही जबाबदारी यजमान आज्ञावलीच्या रचनाकाराची असते.

७. जोडणी की अंतःस्थापना?

ओ.एल.ई.च्या नावातच दोन पर्याय आहेत. जोडणीत दस्तऐवजात केवळ मूळ फाइलीचा पत्ता आणि शेवटचे चित्र राहते. मूळ फाइल बदलली की दस्तऐवजातील आकडे अद्ययावत करता येतात. अंतःस्थापनेत मूळ माहितीची प्रतच दस्तऐवजात येते आणि मूळ फाइलीशी तिचा संबंध तुटतो.

हा भेद तांत्रिक वाटला तरी त्याचे परिणाम व्यावहारिक आहेत. जोडणी असलेला अहवाल ई-मेलने पाठविला तर मूळ फाइल मागेच राहते आणि प्राप्तकर्त्यास जुने आकडे दिसतात. उलट, अंतःस्थापित अहवालात आकडे कायम राहतात, मग मूळ हिशेबात दुरुस्ती झालेली असली तरी. कोणता आकडा खरा, हा प्रश्न दोन्हीकडे उद्भवतो.

अंतःस्थापनेत याहून गंभीर बाब आहे. एक्सेलमधील दहा ओळींचा तक्ता वर्डमध्ये वर्कशीट ऑब्जेक्ट म्हणून चिकटविला तर केवळ त्या दहा ओळी नव्हे, तर संपूर्ण वर्कबुक, तिच्यातील इतर पानांसह, दस्तऐवजात समाविष्ट होते. विभागवार खर्चाचा तक्ता पाठविताना शेजारच्या पानावरील वेतनपत्रकही अशा रीतीने बाहेर जाऊ शकते. पडद्यावर ते दिसत नाही. परंतु तक्त्यावर दोनदा क्लिक करणाऱ्यास ते पाहता येते. ऑफिस २००७ पासूनच्या दस्तऐवजांत याची खातरजमा सहज करता येते. फाइलीच्या प्रतीचे नाव बदलून तिला झिप हा विस्तार दिला व ती उघडली, तर ‘वर्ड’ या फोल्डरातील ‘एम्बेडिंग्ज’ या कप्प्यात अशी वर्कबुके आढळतात. केवळ आकडे दाखवावयाचे असतील तेथे तक्ता चित्ररूपाने वा साध्या मजकुराच्या रूपाने चिकटविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

८. मराठी मजकुराचा प्रश्न

दोन घटकांत करार असला तरी त्यातून जाणाऱ्या माहितीचा अर्थ दोघांनी सारखाच लावला पाहिजे. या दृष्टीने मराठीचा अनुभव बोलका आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखन व मुद्रण बहुतांशी विशिष्ट फाँटवर अवलंबून होते. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. एका घटकाकडून दुसऱ्याकडे मजकूर जाताना हे क्रमांक अचूक जात. परंतु फाँटचे नाव सोबत गेले नाही की समोर निरर्थक रोमन चिन्हांची रांग उमटे. क्रमांक पोहोचले, अर्थ वाटेतच राहिला. अशा मजकुराचा अकारविल्हे क्रम लावणे वा त्यात शोध घेणे हेही इतर घटकांना जमत नसे.

युनिकोडमध्ये देवनागरीस स्वतंत्र स्थान आहे आणि विंडोज २००० पासून मराठीला त्या आधारे अधिकृत पाठबळ मिळाले. कॉममधील मजकूरही मुळात युनिकोडमध्येच वाहिला जातो. तरीही १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये तयार झालेल्या अनेक फॉर्मांवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. कारण असे की, त्या भाषेतील मजकूर युनिकोडमध्ये असला तरी तिच्या मूळच्या चौकटी जुन्या आठ बिटांच्या संकेतपद्धतीने चालत. युरोपीय भाषांसाठी विंडोजमध्ये असा जुना संकेतसंच उपलब्ध होता. मराठी व हिंदीसाठी तो नव्हताच. परिणामी प्रत्येक देवनागरी अक्षराचे रूपांतर प्रश्नचिन्हात होई, आणि तेच पुन्हा साठविले गेले तर मूळ नाव कायमचे नष्ट होई. त्याच फॉर्मवर युनिकोड जाणणारे दुसरे घटक बसविले की नावे व्यवस्थित दिसत. साखळीतील एक कडी जरी जुनी असली तरी संपूर्ण साखळीचे बळ तेवढेच राहते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

९. सुरक्षितता आणि आजचे स्वरूप

यजमानाच्या प्रोसेसमध्ये राहणाऱ्या पाहुण्याला यजमानाचे सर्व अधिकार आपोआप मिळतात. ॲक्टिव्हएक्सची शक्ती यात होती आणि तिचा मोठा दोषही यातच होता. दस्तऐवजात वा वेबपानात बसलेला दुष्ट घटक वापरकर्त्याच्या फाइली वाचू वा पुसू शकत असे. कालांतराने त्यावर निर्बंध येत गेले. इंटरनेट एक्स्प्लोरर हा ॲक्टिव्हएक्सचा प्रमुख यजमान १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, आणि ऑफिस २०२४ पासून दस्तऐवजांतील ॲक्टिव्हएक्स घटक मूळ मांडणीतच निष्क्रिय ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले.

आज अंतःस्थापित घटक म्हणून बहुधा ब्राउझरच बसविला जातो. मायक्रोसॉफ्टचा वेबव्ह्यू २ आणि २०१३ मध्ये सुरू झालेला इलेक्ट्रॉन हे त्याचे प्रसिद्ध नमुने होत. यांत पाहुणा वेगळ्या प्रोसेसमध्ये, मर्यादित अधिकारांनी राहतो आणि यजमानाशी त्याचे बोलणे मुख्यतः संदेशांच्या द्वारे होते. संदेश बहुधा मजकूररूप असतो. तो स्वीकारावयाचा की नाकारावयाचा हे यजमान ठरवितो. एका अर्थी डी.डी.ई.च्या संदेशपद्धतीकडेच हे पुनरागमन आहे. मात्र आता प्रत्येक संदेश कोठून आला आणि त्यात काय आहे याची तपासणी अपेक्षित असते. ही तपासणी न करता पाहुण्यासाठी सर्व दारे उघडी ठेवणारी आज्ञावली जुन्याच चुकीची पुनरावृत्ती करते. इलेक्ट्रॉनने २०२१ मधील बाराव्या आवृत्तीपासून वेबपानाची आज्ञा आणि यजमानाची अंतर्गत आज्ञा यांच्यातील विलगीकरण मूळ मांडणीतच लागू केले, ते याच जाणिवेतून.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घटकांचा संवाद हा अपरिचितांमधील करार असतो, प्रसिद्ध केलेला करार न बदलता त्यात भर घालणे हाच टिकाऊ मार्ग होय.

२) दोन पाहुण्यांचा संवाद यजमानामार्फत व्हावा आणि कोणती माहिती मूळ आहे हे आधी निश्चित व्हावे. अन्यथा निर्दोष घटकांच्या संवादातूनही चुकीची माहिती निर्माण होते.

३) वर्गणी घेणाऱ्याने ती रद्द करण्याचीही जबाबदारी घ्यावी.

४) अंतःस्थापित माहिती पडद्यावर दिसते त्याहून अधिक असू शकते, म्हणून दस्तऐवज बाहेर पाठविण्यापूर्वी त्याची तपासणी करण्याची शिस्त कार्यालयांनी अंगीकारावी.

५) मराठी मजकूर वाहणाऱ्या आज्ञावलीत प्रत्येक घटक युनिकोड जाणणारा आहे याची चाचणी प्रत्यक्ष मराठी नावे भरून घ्यावी, केवळ इंग्रजी नमुन्यावर समाधान मानू नये.

६) पाहुण्याला कामापुरतेच अधिकार द्यावेत.

तंत्रांची नावे दर दशकात बदलत आली आहेत आणि पुढेही बदलतील. तथापि कोणी कोणाला काय सांगावे, ऐकणाऱ्याने त्यावर किती विश्वास ठेवावा आणि सांगितलेल्याचा अर्थ दोघांना सारखाच कळतो की नाही, हे प्रश्न बदललेले नाहीत. गुणपत्रकातील एक अंक, वेतनपत्रकातील एक ओळ किंवा विद्यार्थ्याचे योग्य लिहिलेले नाव या प्रश्नांच्या उत्तरांवरच अवलंबून असते. म्हणून घटक निवडताना त्याच्या रूपाइतकाच त्याच्या संवादाचा विचार होणे अगत्याचे आहे.